तारखेला चिकटलेलं घड्याळ

"तू माझ्या पोरीला एक दिवस आधी जन्माला घातलंस," ताई म्हणाली. "मी होते तिथे. मला माहितीये ती कधी झाली."

पोहण्याच्या तलावाच्या ऑफिसात ती नोटीसबोर्डावरून उपटलेली यादी घेऊन उभी होती. टाचणीसकट. समोर लॅपटॉप उघडून बसलेल्या धाकट्या भावाला त्या क्षणी स्वतःच्याच जन्माचा पश्चात्ताप होत होता, मग त्याची तारीख कुठलीही असो.

प्रकरण असं होतं. भाचीला सगळे बेडकी म्हणत. ती जानेवारीच्या पहिल्या तारखेची. स्पर्धेचे गट जन्मवर्षावर पडतात, म्हणजे बेडकी लहान गटात आणि त्या गटात सगळ्यांत मोठी. वर्षभर अंथरुणातून स्वतःला ओढून काढत तिने तलाव गाठला होता तो या एका शर्यतीसाठी. आणि आज सकाळी यादी लागली, तर नावापुढे डिसेंबरची एकतीस. म्हणजे मागचं वर्ष. म्हणजे मोठा गट, जिथल्या मुली तिच्याहून वीतभर उंच. वर्षाची मेहनत पाण्यात.

यादी छापणारा प्रोग्राम मामाने लिहिलेला. फुकट. ताईच्याच आग्रहावरून.

// जन्मतारीख. वेळ विचारायला नको, भाषा आपणहून मध्यरात्र धरते. छान!

प्रोग्राममधली ही टीप त्याचीच. त्या "छान!"कडे बघून आता त्याला स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटत होती.

कारण प्रोग्रामिंगच्या ज्या भाषेत त्याने हे सगळं लिहिलं होतं, तिला नुसती तारीख हा प्रकारच मंजूर नव्हता. तारीख द्यावी, तर ती न विचारता तिला मध्यरात्रीची वेळ चिकटवी. वर ती मध्यरात्र कुठल्या गावची, हेही मनानेच ठरवी. महिने शून्यापासून मोजी, म्हणजे जानेवारी शून्य, पण दिवस मात्र एकपासून. का? तर असंच. तिला एकतीस एप्रिल सांगितला तर 'असा दिवस नसतो बाबा' म्हणायचं सोडून ती गुपचूप एक मे हातावर ठेवी, जणू आपण काही चुकीचं बोललोच नव्हतो. एरवी साध्या स्वल्पविरामावरून घर डोक्यावर घेणारी भाषा, इथे मात्र भलतीच सोशिक.

आणि मागच्या महिन्यात क्लबने सर्व्हर परदेशी हलवला. तिथलं घड्याळ इथल्याच्या मागे. इथे मध्यरात्र, तेव्हा तिथे आदल्या दिवशीची संध्याकाळ. झालं. क्लबातलं झाडून प्रत्येक मूल एका दिवसाने म्हातारं झालं.

"घड्याळ मागे गेलं तर मूल कसं मागे जाईल?" ताईने विचारलं.

"तारखेला वेळ चिकटलीये ना."

"मी दिली होती वेळ?"

"नाही."

"मग कोणी दिली?"

"भाषेने."

"तिला कोणी विचारलं होतं?"

हा प्रश्न तो स्वतःच कित्येक महिने विचारत आला होता, फक्त इतक्या चांगल्या शब्दांत नाही.

तेवढ्यात गळ्यातली शिट्टी हेलकावत प्रशिक्षक आत आले. त्यांना सगळे सर म्हणत.

"पहिल्या शर्यतीच्या आत यादी पक्की हवी. आणि मामा, एकट्या भाचीची तारीख हाताने बदलायची नाही हं. लोक म्हणतील, मामाच्या हातात प्रोग्राम आणि भाचीच्या गळ्यात पदक. बदलाल तर सगळ्यांचं, एकाच नियमाने."

"बरोबर आहे, सर."

"काय बरोबर आहे!" ताई.

पण होतं सोपंच. सगळ्यांना एक दिवस पुढे ढकलायचं.

// सगळ्या जन्मतारखा: अधिक एक दिवस. हे तात्पुरतं

"सगळ्यांना नको हं," मागून आवाज आला. ऑफिसातल्या बाई. वर्गणीपासून टॉवेलपर्यंत सगळं त्यांच्या ताब्यात. "काहींच्या मी केल्यात दुरुस्त."

"म्हणजे?"

"पालक येऊन ओरडायचे, तारीख चुकलीये म्हणून. मी एक दिवस वाढवून द्यायचे. म्हटलं, तुम्हाला कशाला त्रास?"

"कोणाकोणाच्या?"

"जे ओरडले त्यांच्या."

// ओरडले त्यांच्या तारखा बरोबर. गप्प बसले त्यांच्या चूक. कोण ओरडलं?

त्याने डोकं दोन्ही हातांत धरलं. आणि धरल्याधरल्या त्याला सुचलं. बाईंनी बदललेल्या तारखा सर्व्हर हलल्यानंतरच्या, म्हणजे त्यांना चिकटलेली मध्यरात्र तिकडची! प्रत्येक तारखेमागचा तास बघितला की कळेल, कुठली जुनी आणि कुठली बाईंच्या हातची. आयुष्यात पहिल्यांदा त्याला त्या आगाऊ तासाबद्दल प्रेम वाटलं. त्याने नोंदी उघडल्या.

तास नव्हते.

एकाही तारखेला नव्हता. कारण मागच्याच रविवारी पोहण्याच्या वर्गांच्या वेळा सरकल्याची तक्रार आली, तेव्हा वैतागून त्याने जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते करून टाकलं होतं: सगळ्या जन्मतारखांमागची वेळ कापली आणि नुसत्या तारखा ठेवल्या. अगदी योग्य उपाय. फक्त तारखा चुकल्यानंतर केलेला. चूक त्याने पुसली नव्हती, तिला पक्कं प्लॅस्टर केलं होतं.

"बॅकअप असेल ना?" सरांनी विचारलं.

"रोजचा नवा बॅकअप कालचा पुसून त्याच्या जागी बसतो."

"ही कल्पना कोणाची?"

तो लॅपटॉपच्या पडद्याआड सरकला.

"ताई, हसू नकोस."

"मी हसत नाहीये. तुला कशाने मारू ते शोधतेय."

बाहेर लाउडस्पीकर खरखरला. मुलं कठड्यावर जमू लागली होती. त्याने यादीवर बोट ठेवलं. एका दिवसाने गट बदलतो तो कोणाचा? ज्यांच्यापुढे एकतीस डिसेंबर आहे त्यांचा, बस. यादीत असे तिघे. त्या तिघांचं खरं काय, हे जगातल्या कुठल्याही प्रोग्रामला सांगता येणार नव्हतं. तो उठला आणि बाहेर गेला.

"काकू, तुमचा मुलगा कधी जन्मला?"

"पहाटे. नणंदबाईंना गाडीची किल्लीच सापडेना, आणि डॉक्टर…"

"वेळ नको काकू! फक्त तारीख."

"एकतीस डिसेंबर. मीच भांडून तिसाची एकतीस करून घेतलीये. परत हात लावलात तर बघा."

एक बरोबर. बेडकी दुसरी. तिसरी एक उंच पोरगी. तिचे वडील टॉवेल खांद्यावर टाकून शांत उभे होते.

"हिची? एक जानेवारी. यादीत आदला दिवस दिसला खरा. पण आम्ही नवीन, म्हटलं इथे अशीच पद्धत असेल."

त्याने दोघींच्या तारखा दुरुस्त केल्या, बाईंनी यादी छापली, सरांनी सही ठोकली. ताईने ती वाचली आणि तिचा चेहराच उतरला.

"ही कोण आणखी? ती उंच पोरगी? आपल्या गटात?"

"तिचाही एक जानेवारीच आहे."

"तिला विचारायची तुला काय पडली होती? तिचा बाप गप्प होता ना?"

"सगळ्यांना म्हणजे सगळ्यांना, ताई."

"पाय बघितलेस तिचे? वल्ही आहेत वल्ही!"

शिट्टी वाजली. उंच पोरगी पहिली आली. बेडकी हातभर मागे, दुसरी, आणि बाकीच्या अजून अर्ध्या तलावात. ताई कठडा धरून उभी राहिली आणि भावाकडे तिने बघितलंसुद्धा नाही. हे शिव्यांपेक्षा वाईट होतं.

बेडकी पाण्याने निथळत, धापा टाकत धावत आली. तिच्या मागे ती उंच पोरगी.

"आई! हिचा वाढदिवस माझ्याच दिवशी असतो! बरोब्बर त्याच दिवशी! हिला घरी बोलवूया?"

ताईने त्या पोरीला वरून खालपर्यंत पाहिलं, विशेषतः खाली. मग सुस्कारा सोडून स्वतःचा टॉवेल तिच्या खांद्यावर टाकला.

"बोलव. पण आमंत्रण मी देईन. तुझ्या मामाने दिलं तर बिचारी आदल्या दिवशी दारात येऊन बसेल."