आत्याला बोट लागते

लिस्बनला उतरल्यापासून मी एकदम फॉर्मात होते. आंतरशालेय वक्तृत्वाची ढाल शाळेत आणल्यापासून माझं तोंड जे सुटलंय ते बंदच होत नाही, असं आईचं म्हणणं. आणि त्या दिवशी तर काय, समोर जहाजाच्या टोकासारखं बांधलेलं उंच स्मारक, त्याच्या मागे रुंद नदी आणि पायाखाली रंगीत दगडांत जडवलेला जगाचा अख्खा नकाशा! ऐकायला आई, बाबा आणि क्रूझवर ओळख झालेले आपल्या इंदूरचेच जयेश अंकल. अजून काय पाहिजे?

"हे बघा, हे सगळे दर्यावर्दी ओळीनं उभे केलेत," मी हात वर करून सांगत होते. "सगळ्यात पुढे तो राजपुत्र हेन्री. गंमत म्हणजे तो स्वतः लांब कुठे गेलाच नाही. दुसऱ्यांना पाठवत राहिला. आणि वास्को द गामा इथूनच, बेलेमहून निघाला. मुलं पेपरात ठोकून देतात, समुद्रावरून निघाला. अरे बाबांनो, समुद्र नाही हा, नदी आहे! टागुस!"

जयेश अंकलनी टाळ्याच वाजवल्या. "क्या बात है भिया! समीरजी, बिटिया ने तो गाइड की छुट्टी कर दी. बेटा, ये सब कहाँ से सीखा?"

"बस अंकल, शौक है," मी म्हटलं.

म्हटलं आणि माझंच वाक्य माझ्या कानात अडकलं. मुलं पेपरात ठोकून देतात. कुठली मुलं? मी कधी कुणाचे पेपर तपासले होते?

पेपर चारूआत्या तपासते. बाबांची मोठी बहीण. बडा गणपतीजवळच्या आमच्या घरात, जेवणाच्या टेबलावर, लाल पेन कानावर अडकवून. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवतेय. मी मघापासून जे फेकत होते ते सगळं तिचं होतं, त्या 'अरे बाबांनो'सकट. हात वर करायची ढबसुद्धा तिचीच.

ही क्रूझसुद्धा बाबांनी तिच्यासाठी निवडली होती. "ताई, बघ, तुझं लिस्बन आहे यात!" आत्यानं त्या आनंदात नवे सँडल घेतले आणि घरात घालून फिरायला लागली, मतलब सवय व्हावी म्हणून. आणि निघायच्या तोंडावर आजोबा बाथरूममध्ये पडले. हाड मोडलं नाही, पण वॉकर आला. दिवसा रुपालीताई येतात त्यांचं करायला. रात्रीचं काय?

बाबा म्हणाले, कॅन्सल करू या. आई म्हणाली, मी राहते. खरं तर मीही राहू शकत होते. रात्री उठून आजोबांना पाणी द्यायचं, धरून बाथरूमपर्यंत न्यायचं, मागच्या वर्षी त्यांना टायफॉइड झाला तेव्हा मीच करत होते की. पण मी माझ्या बॅगेच्या कुलपाचा नंबर लावत बसले. जणू जगात तेवढंच काम उरलं होतं.

मग आत्या हात पुसत स्वयंपाकघरातून आली. "मी राहते. नाहीतरी मला बोट लागते."

"खरंच?" बाबांनी विचारलं. एकदाच.

महेश्वरला आम्ही सगळे गेलो होतो तेव्हा नर्मदेत नाव इतकी डुलत होती की बाबा बाहेर वाकून ओकत होते. आत्या काठावर रेलून, एक हात पाण्यात सोडून भुट्टा खात होती. वर नाववाल्याला म्हणाली, "भैया, एक चक्कर और."

जहाजावर आमच्या केबिनमध्ये चार बर्थ आहेत. चौथ्यावर आम्ही बॅगा ठेवतो.

"संहिता, तोंड का उतरलं गं?" आई बेलेमच्या त्या प्रसिद्ध दुकानातल्या, क्रीम भरलेल्या खुसखुशीत वाटीचा कागद हातात धरून विचारत होती. क्रीममध्ये अंडं असतं म्हटल्यावर तिनं वाटी बाबांना दिली होती आणि कागदावर सांडलेली दालचिनी बोटानं टिपून खात होती. "एवढी बडबड चालली होती, बॅटरी संपली का?"

तेवढ्यात फोनवर आत्याचा आवाज आला, रेकॉर्ड करून पाठवलेला. "संहू, पोचलात का बेलेमला? एक बघून सांग. पलीकडचा काठ दिसतो का? मी वर्गात सांगते, खलाशांना निरोप द्यायला आलेल्या बायका बराच वेळ उभ्या राहिल्या असतील. पण त्यांना कुठपर्यंत दिसलं असेल, ते मला कधी कळलं नाही बघ."

मी फोन खाली केला. "आत्याला बोट लागत नाही," मी म्हटलं. "महेश्वरला बघितलंय मी."

आईचं बोट कागदावरच थांबलं. बाबा नकाशातल्या हिंदुस्थानावर उभे होते. तिथे १४९८ लिहिलेलं आहे. ते त्या आकड्याकडेच बघत राहिले.

"माहीत आहे," ते म्हणाले.

"मलाही," आई हळूच म्हणाली.

सच्ची सांगते, मला वाटलं होतं ते दचकतील. मग मी रडेन, मग ते समजूत काढतील. पण तसलं काही झालंच नाही. जयेश अंकल फोटो काढता काढता थांबले आणि लांबच्या बाकाकडे बघायला लागले.

मी व्हिडिओ कॉल लावला.

"दिसतो का?" आत्यानं हॅलोसुद्धा म्हटलं नाही. मागे आजोबा खुर्चीत बसून बशीतून चहा पीत होते.

मी फोन फिरवला.

"अगंबाई! दिसतो की चांगला! आणि मी इतकी वर्षं सांगतेय, समोर अथांग पाणी. सगळ्या बॅचेसना बोलावून माफी मागायला हवी." ती हसली. "तो पूल काढ गं मधून, तेव्हा नव्हता. समुद्र कुठे? उजवीकडे फिर. हं. तिकडे गेला तो."

मी धावत जाऊन जयेश अंकलना ओढून आणलं. "अंकल, ये मेरी बुआजी. वो सब मैंने इन्हीं से चुराया. गाइड ये हैं."

"नमस्ते दीदी! आप क्यूँ नहीं आईं?"

"मुझे बोट लगती है," आत्या चटकन म्हणाली.

"ताई, नाही लागत," बाबा माझ्या खांद्यावरून म्हणाले.

मागून आजोबांचा आवाज आला. "कुणाला बोट लागते? चारूला? छे! हिला तर नावेतून उतरवताना मारावं लागायचं."

"बाबा, चहा सांडतोय," आत्या मागे वळून त्यांना म्हणाली.

"आत्या," मी म्हटलं, "पुढच्या वेळी आजोबांजवळ मी राहणार. तू जाणार. मी आत्ता सगळ्यांसमोर सांगतेय."

"चल हट. आधी कुकर लावायला शीक." पण हे ती माझ्याकडे न बघता म्हणाली. पदरानं चष्मा पुसत होती. मग चष्मा लावून स्क्रीनच्या अगदी जवळ आली. "ते राहू दे. मला अजून ते पाणी दाखव. बोलू नकोस."

मी फोन नदीकडे धरला. उजवीकडे, जिथे पाणी रुंद होत जातं तिथे.

"संहू, नीट धर गं," आत्या म्हणाली. "किती हलवतेस. अशानं मला खरंच बोट लागेल."

मी दोन्ही हातांनी धरला.