तिघांची हजेरी

रचनाने रत्नपालचा लॅपटॉप उघडला आणि त्याच्या नावाने 'हजर' एवढंच लिहून ठेवलं. पाठवलं मात्र नाही. शेजारी तिच्या मोबाईलवर समितीची बैठक सुरू होत होती.

कामाचं नाव 'पाणपाळी'. सौंदडच्या तलावाचं पाणी कोणाच्या धानाला कधी मिळणार, ते झाडीबोलीत सांगणारं ॲप. रत्नपालने ते बनवलं आणि सगळ्यांसाठी खुलं ठेवलं. कोणीही फुकट वापरा, कोणीही दुरुस्त करा. अशा खुल्या कामांवर देखरेख करणारी ही समिती. एखादी टीम ढेपाळली की ती आपला माणूस मदतीला देई, धीर देई, प्रसंगी कानही उपटी. पण एक नियम ती सोडत नसे. विचारल्यावर निदान तिघांनी हजेरी द्यायची, नाहीतर काम विसाव्याला, म्हणजे आहे तिथेच थांबवून ठेवायचं.

टीम तिघांचीच होती: रत्नपाल, त्याची बहीण रचना आणि गोंदियाची डिंपल. दिवाळीनंतर हमरस्त्यावर ट्रकने रत्नपालला उडवलं. मागच्या हजेरीला रचनानेच त्याच्या नावाने उत्तर दिलं. डिंपलने ते पाहिलं आणि मिठाची गुळणी धरली. पुढे त्याच्या नावाने बारीकसारीक दुरुस्त्या करायची रचनाला सवयच लागली. पडद्यावर त्याचं नाव उमटलं की तिला तेवढंच बरं वाटे.

आई, रुक्माबाई, दारात लाखोरीची डाळ निवडत होती. पोरगा गेला, हे तिने अजून एकदाही तोंडातून काढलं नव्हतं. रोज सकाळी त्याचा लॅपटॉप पदराने पुसायची, चार्जिंगला लावायची. "बंद दिसला त भडकंल तो," म्हणायची. तिला अडवायची घरात कोणाची छाती होत नसे.

"या वेळी बोलून हजेरी घेऊ," समितीची दुर्गेश्वरी बंगळुरूहून म्हणाली. "मागे रत्नपालनं एका शब्दात आटपलं. त्याच्याशी बोलून किती दिवस झाले! डिंपल?"

"हजर, मॅम."

"रचना?"

"हजर."

"रत्नपाल?"

त्याचा घसा बसलाय, लिहून कळवतोय, एवढंच सांगायचं रचनाने ठरवलं होतं. 'हजर' पाठवायच्या बटणावर बोटही होतं. पण तोंड उघडेना.

"रत्नपाल, आवाज येतोय का?"

"नाही जी बाई." रुक्माबाईने सूप खाली ठेवलं होतं. "तो नाही आता. गेला माहा पोरगा."

मोबाईलच्या पडद्यावर डिंपलने ओढणी तोंडाशी धरली. दुर्गेश्वरी पडद्याजवळ सरकली.

"रचना, मला सांगायचं होतंस गं. आम्ही काय नुसत्या हजेरीसाठी आहोत?" मग ती हळूच म्हणाली, "आता काम विसाव्याला ठेवावं लागेल. काही पुसणार नाही. पुढे कोणी तिघं उभे राहिले तर इथूनच उचलतील. वर नाव त्याचंच राहील."

रचनाने मान हलवली. मोबाईल बंद झाल्यावर ती आईवर उखडली.

"काऊन बोलली वं आई?"

"हाका मारून राहिली होती ना ते बिचारी. कोणीतरी त सांगा लागंल."

रचनाचा सगळा राग एकदम गळून गेला. तिने 'हजर' पुसलं आणि लॅपटॉप मिटला.

रुक्माबाईने भिंतीतून चार्जरची पिन काढली, रत्नपाल गुंडाळायचा तशी वायर चार बोटांवर गुंडाळली आणि रचनाच्या हातात दिली. मग दारात जाऊन निवडलेलीच डाळ पुन्हा निवडायला बसली.