तेल लावलेली तूर

दोंडाईच्याच्या डाळमिलमध्ये बटण दाबलं आणि नवा पट्टा सुरू झाला. साल सुटावं म्हणून तेल चोळलेली तूर त्यावरून गच्चीवर जाऊन तिथे उन्हात पसरायला हवी होती. पण ती अर्ध्या चढापर्यंत गेली आणि घरंगळत मागे सुनंदाच्या पायाशी येऊन पडली. मिलचे मालक गिरधरशेठ कमरेवर हात ठेवून बघत राहिले.

सुनंदा जळगावच्या एमआयडीसीत, लीलाधरभाऊंच्या असे पट्टे बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनीअर. माल कोणता, किती, केवढ्या उंचीवर न्यायचा, एवढं सांगितलं की पट्ट्याची रुंदी, मोटरची ताकद, चढ, सगळं काढून देणारा प्रोग्राम तिने डोकं फोडून लिहिला होता. पट्टा उभा राहण्याआधीच पडद्यावर हिरव्या रेघांनी चालून दाखवायचा. ब्याण्णव साली भाऊंनी काँप्युटर घेतला तेव्हा लोकांनी त्यांना वेड्यात काढलं होतं, आणि त्यातून निघालेला हा पहिलाच पट्टा तोंडघशी पडला होता.

तिच्यावर मात्र कुणी चिडलं नाही, आणि हेच तिला जास्त झोंबलं. फोरमन अभिमनआबांनी तर तिची बाजूच घेतली.

"पोरनी काय चूक शे? बठ्ठी चूक त्या डबानी."

सगळी चूक काँप्युटरच्या डब्याची, हे भाऊंनाही पटलं. काँप्युटर कपाटात ठेवू, पूर्वीसारखं अंदाजाने करू, म्हणाले. सुनंदाने नुसती मान हलवली असती तर ती सुटली असती. पण मग प्रोग्राम कायमचा गेला असता, आणि ते ती होऊ देणार नव्हती.

"चूक त्याची नाही, माझी आहे," ती म्हणाली. "मी त्याला कोरडी तूर सांगितली. तेलाचं सांगितलंच नाही."

डाळमिलच्या वासात लहानाची मोठी झालेली बाई, आणि पुस्तकातल्या तक्त्यातून कोरड्या धान्याचा आकडा उचलून मोकळी झाली! तिला स्वतःचाच राग आला. तिने तिथेच पट्ट्याचा उरलेला तुकडा फळीवर ठोकला, त्यावर तेलाची तूर पसरली आणि फळी एका टोकाने उचलत गेली. तूर घसरली तो कोन मोजला, मग पुन्हा मोजला. हमाल गंमत बघत होते, तिचं तिकडे लक्षच नव्हतं.

जळगावला येऊन तिने नवा कोन घातला. चढ कमी झाला तसा पडद्यावर पट्टा लांबला आणि त्याचं खालचं टोक थेट गिरधरशेठच्या पेढीत घुसलं. भाऊंनी कपाळाला हात लावला. शेठला हे सांगायला सुनंदाच गेली. तुमची गादी हलवून भिंत फोडावी लागेल, असं तिने तोंडावर सांगितलं. पुन्हा तूर घसरली तर भिंत बांधून देईन आणि नोकरीही सोडेन, हेही सांगितलं. शेठनी एकदा भिंतीकडे पाहिलं आणि गादी उचलायला लावली. भिंत फोडून नवा, लांब पट्टा बसवला गेला.

पट्टा सुरू झाला. तूर चढाला लागली, अर्ध्यावर आली. तूर पुढे सरकत राहिली आणि गच्चीवर जाऊन पडली.

भाऊंचा चेहरा फुलला. आमचा काँप्युटर बघा कसा हुशार निघाला, असं ते शेठला सांगू लागले.

"चूक झाली तेव्हा ती माझी होती ना, भाऊ?" सुनंदा म्हणाली. "मग हा पट्टाही माझाच."