एक्केचाळिसातली सदतिसावी

शुक्रवारी वसई पूर्वेच्या गाळ्यांना वीज नसते.

माझी बहीण प्रिन्सी जन्मली तेव्हा बाराशे ग्रॅमची होती. तेरा दिवस काचेच्या पेटीत.

चाळीसपैकी चाळीस पास.

"नकली बोर्डावर काय विश्वास ठेवायचा, हिल्डा?"

आता ओळीने सांगते. रागात माणूस ओळ सोडतो आणि समोरचा तेवढंच धरून बसतो.

साल २००७. आमच्या गाळ्यात अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ऊब देणाऱ्या पेट्या बनतात. पेटीतल्या चिपसाठी कोड कॉन्रॅड लिहितो. बिल्ड टूल तो चिपच्या भाषेत उतरवतं. टूलची नवी आवृत्ती आली की ती नीट उतरवते का, हे बघायचं काम माझं. त्याला पेटी लागत नाही. माझ्या कॉम्प्युटरवर एम्युलेटर आहे, म्हणजे त्या बोर्डाची हुबेहूब नक्कल. बटण दाबलं की एक्केचाळीस चाचण्या आपोआप चालतात. सदतिसावी मी लिहिली. ती नकलेला पंधरा दिवस सलग चालवते, वीस मिनिटांत.

गुरुवार.
३६: पास
३७: नापास

अकराव्या दिवशी हीटर बंदच होईना. नव्या टूलने कोड आखूड करताना कॉन्रॅडची एक तपासणी बिनकामाची समजून उडवली होती.

कॉन्रॅड हसला. "माझं खरं बोर्ड चार महिने टेबलावर चालतंय, बाय. कुरकुर नाही."

"आणि शुक्रवारी?"

"शुक्रवारी बंद. वीज काय तुझा पपा देणार?"

"मग शनिवारी त्याचा पुन्हा पहिला दिवस. चार महिन्यांत त्याने सातवा दिवस पाहिला नाही, कॉन्रॅड. अकरावा कुठून बघणार? इस्पितळात जनरेटर असतो."

त्याचं हसू गेलं. आमचे मालक दिनानाथ सर शेजारीच उभे होते. त्यांचं नाही गेलं. वरचं नकली बोर्डाचं वाक्य त्यांचं.

शुक्रवारी सुट्टी.

शनिवारी रिपोर्ट उघडला. चाळीसपैकी चाळीस पास. पुन्हा मोजल्या. सदतिसावीच्या ओळीपुढे कुणीतरी दोन तिरक्या रेघा मारल्या होत्या. तेवढ्याने चाचणी झोपते. मेली नाही, नापास नाही, फक्त हाक मारायची नाही.

"परीक्षेलाच बसवलं नाही तर पास कसं झालं, सर?"

"सगळ्या पास असं लिहून सही कर. सोमवारी माल जायचाय."

"माल आहे ना मागच्या खोलीत?"

"आहे, आहे. तू सही कर."

"नाही करत!" मी ओरडले.

"मग दुरुस्त कर. सोमवारी सकाळपर्यंत." एवढ्या सहज म्हणाले की मला लाज वाटली, ओरडल्याची. मी त्या माणसाला सॉरी म्हटलं. सॉरी!

रविवारी चर्चमधली मिस्सा चुकवली. मायने उमेळ्याहून डबा पाठवला, डब्याबरोबर शिव्या. रेघा काढल्या, जुनं टूल घातलं, पुन्हा बिल्ड केलं. कॉन्रॅड शेजारी बसला होता. संध्याकाळी एक्केचाळीसपैकी एक्केचाळीस.

सोमवारी पेन ड्राइव्ह घेऊन मागच्या खोलीत गेले, बाराही पेट्यांत नवी फाइल घालायला.

थर्माकोलचे तुकडे. सुतळी.

दिनानाथ सर दारात आले. "पुढच्या खेपेला घालू की."

मी बाहेर येऊन त्यांच्या टेबलावरचा फोन ओढला. त्यांनी वायरीवर हात ठेवला. कॉन्रॅडने तो हात उचलून बाजूला केला, हळूच, भांडं उचलावं तसा.

इस्पितळातल्या सिस्टर म्हणाल्या, "आल्या आल्याच चालू केल्या हो. दोन बाळं आहेत आत."

"जुन्या पेट्या आहेत?"

"आहेत."

"त्यांत हलवा. आत्ता. मी फोन धरून उभी आहे."

पेट्यांचा टेम्पो शुक्रवारीच दुपारी अडीच वाजता चिंचोटीवरून हायवेला लागला होता.