सोडू नको, उस्मानाबाद!

उस्मानाबादेतून फुटून लातूरचा वेगळा जिल्हा झाला, पाट्या रंगल्या, पेढे वाटले गेले. फक्त पावसाला कुणी कळवलं नसावं. नळ आठवड्यातून एकदा यायचा, तोही रुसलेल्या जावयासारखा आल्या पावली परत. बसम्मानं घरात तांब्या अर्धाच भरायचा असा कायदा केला होता, आणि तो मोडायची तिच्या नवऱ्याचीही, म्हणजे महादेवप्पांचीही, टाप नव्हती.

महादेवप्पांचं गोलाई बाजारातलं किराणा दुकान आता मुलगा बघायचा. त्यांना उभ्या जन्मात एकच नाद, खो-खोचा. लातूर नुसता तालुका होता तेव्हापासून ते भाकरी बांधून एसटीनं उस्मानाबादच्या संघामागं परभणी, औरंगाबाद करत हिंडले होते. ‘सोडू नको, उस्मानाबाद!’ ही त्यांची आरोळी मैदानाशेजारच्या म्हशींच्याही ओळखीची होती.

आणि आता नव्या जिल्ह्याच्या मुलींचा पहिलाच सामना, तो लातुरात, आणि समोर नेमकं उस्मानाबाद. सामना भरवणारे किशनराव त्यांचे जुने सोबती. ते दुकानात येऊन बजावून गेले, “आप्पा, आरोळी तुमचीच. पर आता लातूरची बरं का!” महादेवप्पांनी खुशीत मान डोलावली. घरी आले तर उस्मानाबादला दिलेल्या थोरल्या लेकीचा निरोप आलेला. तिची महानंदा उस्मानाबादकडून खेळणार होती.

“लेकराच्या विरोधात आरडलात,” बसम्मा म्हणाली, “तर ह्या घरात पाणी मागायचं न्हाई. सांगून ठेवते.”

इकडे आड तिकडे विहीर, आणि दोन्ही कोरडे! सामन्याच्या दिवशी महादेवप्पा तोंडात सुपारी कोंबून म्हाताऱ्यांच्या बाकावर जाऊन बसले. आज तोंड उघडायचंच नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.

शेवटच्या डावात लातूरच्या पोरी पाठलागावर होत्या. पळणाऱ्यांत एकटी महानंदा उरली. ती बाद झाली की लातूर जिंकणार. सगळं मैदान ‘धर, धर’ करत उठलं. महादेवप्पांनी सदऱ्याआडचं, गळ्यातलं इष्टलिंग मुठीत घट्ट धरलं. मैदानावर शिंपडायला पाणी कुठलं असणार? जमीन पाट्यासारखी टणक झाली होती. खांबाजवळ वळताना पोरीचा पाय सरकला, गुडघा फुटला. तरी ती उठली आणि तशीच पळाली.

“सोडू नको, उस्मानाबाद!”

आरोळी सुटून गेली तेव्हा कुठं महादेवप्पांना कळलं, की ती आपलीच. अख्ख्या नव्या जिल्ह्यानं मान वळवली. किशनरावांचा चेहरा पडला. महादेवप्पांना तोंड लपवायला जागा सापडेना. गावातूनही उठलो आणि घरातूनही, असंच त्यांच्या मनात आलं.

तेवढ्यात किशनरावांनाच हसू फुटलं. “जाऊ द्या हो! इतक्या वर्षांची जीभ काय सरकारी हुकमानं बदलती?” असं म्हणून ते स्वतःच उभे राहिले. “सोडू नको, पोरी!” पाठोपाठ म्हाताऱ्यांचा सगळा बाक उठला.

मग महादेवप्पांनी सुपारी थुंकली आणि जे सुटले ते थांबलेच नाहीत. आधी नातीसाठी ओरडले, मग सूर मारून तिला बाद करणाऱ्या लातूरच्या पोरीसाठी, मग दोघींसाठी. लातूर जिंकलं. छातीवरचा धोंडाच उतरला जणू. इतकं हलकं त्यांना लेकीचं लग्न पार पडल्यावरही वाटलं नव्हतं.

किशनरावांनी पानाचा आग्रह केला म्हणून ते मागं थांबले, नात घरी पुढं गेली. निघाल्यावर मात्र घर जवळ येईल तशी त्यांची चाल मंदावली. घसा पार बसला होता, आणि पोर बाद झाल्यावर आपण टाळ्या पिटल्या होत्या.

बसम्मा दारातच उभी होती. “समदी गल्ली सांगायलीय, आप्पा लई आरडले म्हणून. कुणासाठी आरडलात?”

महादेवप्पांनी तोंड उघडलं. नुसती हवा आली.

आत गुडघ्याला हळद लावून बसलेली महानंदा खिदळली. “आज्जी, अज्जा दोन्हीकडून आरडले! माझ्यासाठी आधी!”

बसम्मानं नवऱ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. ती आत गेली आणि तांब्या घेऊन बाहेर आली.

“मागायचं न्हाई म्हणले होते,” ती म्हणाली. “तुमी मागितलं कुठं?”

तांब्या काठोकाठ भरलेला होता. महादेवप्पांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि थेंबही न सांडता पिऊन टाकला.