मंगळवारची हिरवी साडी

शाळेच्या ऑफिसात एकतीस वर्षं कारकुनी केली की समोरचा खरं बोलतोय असं माणसाला पटकन वाटेनासं होतं. चिखलीच्या नीळकंठराव खेर्डेकरांनी रजेच्या चिठ्ठ्यांवरच्या बापांच्या खोट्या सह्या इतक्या पकडल्या होत्या, की रिटायर झाल्यावर दूधवाला "आज म्हैस आटली" म्हणाला तरी ते त्याच्या तोंडाकडे बघत राहायचे.

मग स्वरदाने, त्यांच्या मुलीने, कॅमेरा घेऊन दिला आणि या खोडीला काम मिळालं. रोज कॅमेरा गळ्यात अडकवून स्वारी बाहेर. हातगाडीवर डुलकी काढणारा हमाल, सरकीच्या पोत्यावर बसून कचोरी खाणारी बाई, टपरीच्या आरशात भांग पाडणारा कंडक्टर. फोटो निघतोय हे कळलं की माणूस खोटा होतो, असं त्यांचं ठाम मत होतं. म्हणून ओळखीच्यांचे फोटो ते काढतच नसत. गच्चीवर कपडे वाळत घालताना बायको, प्रतिमाबाई, मध्ये आली की डावा हात हलवून म्हणायचे, "बाजूले हो वं." ती व्हायची.

महिनाभरापूर्वी त्यांना पंजाबराव टेलरच्या माडीवरची खिडकी सापडली. खाली थेट बसस्टँड. ही जागा त्यांनी कुणालाच सांगितली नाही. घरी "खामगाव रोडले जाऊन येतो" एवढंच. म्हणजे थाप त्यांनीही मारली होती, पण स्वतःची थाप त्यांना थाप वाटत नसे.

एका बुधवारी दुपारी कॉम्प्युटरवर आदल्या दिवशीचे फोटो चाळताना मनात शंकेची पाल चुकचुकली. देऊळगाव राजाच्या गाडीत चढणारी एक पाठमोरी हिरवी साडी. मोठं करून पाहिलं. काठ पिवळा. स्वरदाच्या लग्नात घेतलेली. आधीच्या मंगळवारचे फोटो उघडले: तीच साडी, तीच गाडी, अकरा वाजून दहा मिनिटं. त्याच्या आधीच्या मंगळवारीही तेच. आणि मंगळवारी अकरा ते चार प्रतिमाबाई भजनी मंडळात असते.

संध्याकाळी त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "काल कोणते भजन झाले?"

"नेहमीचेच. काऊन?"

कणीक मळणारा तिचा हात क्षणभरही थांबला नाही. त्यांना धक्का बसला तो याचा. सगळ्या शाळेच्या लबाड्या पकडणाऱ्या माणसाला घरातली एवढी सफाई कधी दिसलीच नव्हती!

दुसऱ्या दिवशी त्यांनी मंडळाच्या सोजराबाईंना फोन केला. "मंडळ? अहो भाऊ, पेटीवाली लेकीकडे गेली. महिना झाला, बंदच हाय."

मग काय, त्यांना जागोजागी पुरावे दिसायला लागले. प्रतिमा आरशासमोर जास्त वेळ उभी राहते. पावडरचा नवा डबा आलाय. फोन वाजला की ती अंगणात जाऊन बोलते. नीळकंठरावांना अन्न गोड लागेना. राग होताच, पण खरं सांगायचं तर त्यांना भीती वाटत होती. कळायला नको होतं, आणि कळल्याशिवाय चैनही पडत नव्हतं.

पुढच्या मंगळवारी हिरवी साडी गाडीत चढली, तशी ते मागच्या जीपमध्ये घुसले.

देऊळगाव राजाला ते केळीच्या गाडीआड उभे राहिले. प्रतिमाने बालाजीला लांबूनच हात जोडले, एका बोळात वळली आणि कापड दुकानाच्या बाजूचा जिना चढून गेली. वरून पुरुषाचा हसरा आवाज आला, "या काकू, तुमचीच वाट पाहत होतो!"

काकू म्हणणाऱ्यांचाही नीळकंठरावांना भरवसा नव्हता. ते वर गेले. अर्धवट उघड्या दारावर पाटी होती: भागवत फोटो स्टुडिओ.

आत कॉम्प्युटरवर प्रतिमाचा चेहरा होता. पिठात घोळल्यासारखा पांढरा.

"अजून पांढरीच ठेवली मले?" ती दाराकडे पाठ करून बसली होती. "अन् गालावरचा तीळ कुठी गेला? केस काऊन काळे केले? लुगड्याचा रंगही जुळत नाही, म्हणून दर वेळी हेच नेसून येतो मी."

"काकू, लोक गोरं करून मागतात," भागवत म्हणाला. "भिंतीवरच लावायचा ना?"

"भिंतीवरच. हार घालाले. आमच्या शेजारच्या पुष्पाबाई गेल्या, तं घरात त्यांचा एकटीचा धड फोटो नाही. लग्नाच्या ग्रुपातून कापला. खांद्यावर कोणाचा तरी हात तसाच राह्यला, अंगठीसकट. मले तसं नको. जशी हाव तशी पाहिजे."

"घरी कोणी फोटो काढत नाही का?"

"काढतात ना आमचे हे. लय मोठा कॅमेरा हाय. पण ते परक्यांचेच काढतात."

घरचा माणूस वांगं खात नाही हे सांगावं, तसं तिनं सांगितलं. तक्रार नव्हतीच. असती तर बरं झालं असतं, असं नीळकंठरावांना वाटलं.

ते आवाज न करता खाली उतरले आणि स्टँडवर येऊन बसले. संशय गेला होता, पण हलकं काही वाटत नव्हतं. घरी अकरा हजार फोटो होते. त्यांत प्रतिमा तीनदा होती, तिन्ही वेळा पाठमोरी, आणि तीही चोर म्हणून सापडलेली. त्यांना स्वतःची लाज वाटली.

तासाभराने ती आली. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली फ्रेम. त्यांना पाहून तिचा चेहरा उतरला. "तुम्ही? इथी?"

त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला. प्रथमच ती समोरून दिसत होती: गालावरचा तीळ, कपाळावर आलेले पांढरे केस.

कॅमेरा दिसताच तिनं मागे वळून पाहिलं. मागे बस उभी होती, टपावर सामान चढवणारा एक माणूस होता. तिनं पदर सावरला, फ्रेम छातीशी धरली आणि लगबगीनं दोन पावलं सरकली.

"काढा," ती म्हणाली, "झाली मी बाजूले."