खिशातला कांदा

"तुमी बी गेलते ना सर, तरुणपणी? मंग काय झालं तुमचं?"

हरिसिंगने हे भांडायला विचारलं नव्हतं. बियाण्याच्या दुकानात माणूस चौकशी करतो ना, मागच्या साली हे कोणाच्या वावरात लावलं होतं, कसं आलं, तसं तो विचारत होता. त्याची मुलगी प्रेरणा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिची आई बेबीताई चहा घेऊन आली होती, तीही थांबली. मी चष्मा काढून पुसू लागलो.

घरून निघताना माझी बायको रजनी म्हणालीच होती, "तुम्ही जाऊन काय समजावणार त्यायले? दूधवाला पाणी टाकते, त्याले तर बोलता येत नाही तुम्हाले."

तिचं खरं होतं. आर्णीच्या कॉलेजात मी ग्रंथपाल होतो. त्या कामात फारसं बोलावं लागत नाही, म्हणूनच ते मला मानवलं. निवृत्त झाल्यावरही मी सकाळी वाचनालयात जाऊन बसतो. प्रेरणा तिथेच भेटली. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, तांड्यावरून सायकलने येणारी. वनस्पतिशास्त्राचं पुस्तक परत करताना ती त्यातलं काही तरी विचारायची. मला उत्तर आलं नाही की आम्ही दोघं मिळून शोधायचो.

बंगळूरच्या एका संशोधन संस्थेची उन्हाळी योजना मला वर्तमानपत्रात दिसली. ज्यांच्या घरातलं कोणी कधी प्रयोगशाळेत गेलेलं नाही, अशा लहान गावांतल्या, तांड्यावाड्यांवरच्या मुलामुलींना दोन महिने शास्त्रज्ञांबरोबर काम करायला बोलावतात. राहणं, जेवण, प्रवास सगळं संस्थेकडे. मी तिला अर्ज करायला लावला आणि तिची निवड झाली. उद्या होकार कळवायचा होता, आणि तिचा बा तयार नव्हता.

"नाही म्हणून नाही राह्यलो मी सर," हरिसिंग म्हणाला. "पण हे दोन महिने म्हणजे आमचा पेरणीचा टाइम. सरकी लावाले बाया भेटत नाही. आन् हिच्यासारखी लाईन कोणाचीच नाही. पोट्टी सुतात जाते. तिकडं जाऊन करन काय? झाडंच पाह्याची ना? मंग झाडं का इथं नाहीत?"

"बा, तिथं मायक्रोस्कोप..."

"तू थांब वं. जो जाऊन आला त्याले विचारून राह्यलो मी."

खोटं बोलता आलं असतं. पण समोर पेरणीचा हिशोब करणारा माणूस होता, आणि बियाणं म्हणून त्याच्यापुढे मीच होतो.

"काही झालं नाही, हरिसिंगभाऊ," मी म्हणालो. "परत आलो. वडलांना लकवा झाला, पुढचं शिक्षण राहून गेलं. लायब्ररीत लागलो. शास्त्रज्ञ वगैरे झालो नाही."

"पाह्यलं?" हरिसिंग बायकोकडे वळून म्हणाला.

"पण..." मी म्हणालो आणि अडकलो. माझं हे नेहमीचं आहे. वाक्य सुरू होतं, आणि मी शब्द शोधेपर्यंत समोरचा ते आपल्या मनाने पुरं करून टाकतो. हरिसिंगनेही तोंड उघडलंच होतं.

"बा, सरले बोलू दे," प्रेरणा म्हणाली.

हरिसिंगने मान हलवली. अंगणातल्या लिंबाखाली शेळी कोरडी पानं खात होती.

मी सांगायला लागलो. पन्नासेक वर्षांपूर्वी अशाच एका योजनेत मी बंगळूरला गेलो होतो. निघताना आईने माझ्या खिशात कांदा घातला. आपल्याकडे वैशाखात घराबाहेर पडणारा माणूस खिशात कांदा ठेवतोच, ऊन लागू नये म्हणून. मी डोक्याला दुपट्टा गुंडाळून, खिशात कांदा घेऊन बंगळूरला उतरलो, तर तिथे गार वारा. संध्याकाळी पाऊससुद्धा आला.

"वैशाखात पाऊस?" बेबीताईने विचारलं.

"रोज संध्याकाळी. पण कांदा आईनं दिलेला, म्हणून मी तो खिशात तसाच ठेवला. एक दिवस प्रयोगशाळेत वाकलो आणि कांदा पडला. घरंगळत पार टेबलाखाली गेला. पोरं हसली. आमच्या मॅडम धारवाडच्या, मोडकंतोडकं मराठी बोलायच्या. त्यांनी कांदा उचलला. म्हणाल्या, हा कशाला? मी सांगितलं, उन्हासाठी. त्या हसल्या नाहीत. एक बाटली पाण्यानं भरली, तिच्या तोंडावर कांदा बसवला, बूड पाण्याला टेकवलं आणि खिडकीत ठेवून दिला."

"मंग?" आता हरिसिंगने विचारलं.

"मुळं फुटली. पांढरी, दोऱ्यासारखी. एका मुळाचं टोक कापून, रंगात बुडवून, काचेखाली दाबायला लावलं मला. म्हणाल्या, बघ, काय दिसतं? मी पुस्तकातलं म्हणून दाखवलं, पेशीविभाजन. त्या म्हणाल्या, ते पुस्तकाला दिसतं. तुला काय दिसतं? आणि हाताची घडी घालून उभ्या राहिल्या."

मी पाणी प्यायलो.

"किती तरी वेळ त्या तशाच उभ्या होत्या. शेवटी मी म्हणालो, दोन बाया धुतलेलं लुगडं दोन टोकांनी धरून मागे मागे सरकतात, तसे आतले दोरे दोन्हीकडे ओढले जाताहेत. तेव्हा त्या हसल्या. म्हणाल्या, असंच लिही. बस, एवढंच झालं हरिसिंगभाऊ. दोन महिने मला कोणी तरी विचारत होतं, तुला काय दिसतं. त्याच्या आधी कोणी विचारलं नव्हतं. नंतरही फारसं नाही."

"रजनीबाई नाही विचारत?" बेबीताईने विचारलं.

"ती सांगते."

बेबीताई पदर तोंडाला लावून हसली. हरिसिंग हसला नाही. तो बाजेची सुटलेली दोरी बोटाभोवती गुंडाळत बसला होता. मग मान वर न करता म्हणाला, "पोट्टे, आपल्या वावरात तुले काय दिसते?"

प्रेरणाने चौकट सोडली. "बोरीखालचे तास, थ्या ओळी," ती हळूच म्हणाली. "तिथली सरकी दरसाल मागून उगवते. सावली तर सकाळचीच राह्यते, पानी बी सारखंच. काहून मागून येते, मले समजत नाही. बोरीच्या मुळ्यायचं काही असन का? मले थे पाह्याचं हाये."

हरिसिंगने बोटाभोवतीची दोरी सोडली.

"मले वाटे," तो म्हणाला, "थे मलेच दिसते."

मग त्याने गार झालेला चहा एका घोटात संपवला आणि बायकोला म्हणाला, "पेरणीले तुह्या भावाले बोलावून घे. म्हणा, यंदा घरी माणूस कमी हाये."

प्रेरणा आत पळाली. तिच्या मोबाइलला घराच्या मागच्या भिंतीशीच रेंज येते.

मे महिन्यात ती निघाली, तेव्हा मी आर्णीच्या बसस्टँडवर गेलो होतो. जाऊ नये असं वाटत होतं. अशा वेळी काय बोलावं ते मला कळत नाही. ऊन असं होतं की बसच्या दांडीला हात लावता येत नव्हता. बेबीताईने पोरीच्या बॅगेचा कप्पा उघडून त्यात कांदा घातला.

"याडी, तिथं..." प्रेरणा आईला म्हणाली आणि तिने माझ्याकडे पाहिलं. मी नुसती मान हलवली. ती थांबली आणि तिनेच कप्प्याची चेन लावली.

बस गेली. धूळ खाली बसेपर्यंत आम्ही तिघं उभे होतो. बेबीताई मोकळ्या फलाटाकडे बघत होती. मी जायला निघालो, तसा हरिसिंग मागून आला.

"सर, ऊन लय हाये." त्याने आपल्या खिशातला कांदा काढला आणि माझ्या सदऱ्याच्या खिशात टाकला. घामाने तो ओलसर झाला होता.

घरी येऊन मी पेला पाण्याने भरला, त्याच्या तोंडावर कांदा बसवला आणि खिडकीत ठेवला. आमच्याकडे मायक्रोस्कोप नाही. पुढे काय करायचं, ते काही मी ठरवलं नव्हतं.

संध्याकाळी रजनी भाजीसाठी कांदा शोधत आली. खिडकीतला तिने उचलला. पाणी ठिबकणाऱ्या त्याच्या बुडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता काही तरी बोलेल.

"राहू द्या," ती म्हणाली, "टोपलीत दुसरा असन." आणि तो होता तसा, बूड पाण्याला टेकेल असा, तिने पेल्यावर परत ठेवला.